बेकारीचा आकडा उतरला, कायम नोकरी कोठे गेली?

बेकारी झपाट्याने हटत आहे, असा डांगोरा केंद्र सरकार गेली काही वर्षे पिटत आले आहे. या दाव्याला आधार म्हणून सरकारच्याच नियतकालिक श्रमशक्ती पाहणीचे आकडे पुढे केले जातात. १५ वर्षांवरील लोकांत बेकारीचे प्रमाण २०१७-१८ साली ६ टक्के होते. २०२३-२४ साली ते ३.२ टक्क्यांवर आले. मध्य प्रदेशचा आकडा तर याहूनही देखणा आहे. त्याच वर्षीच्या पाहणीनुसार त्या राज्यातील श्रमशक्तीत बेकारांचे प्रमाण जवळपास एक टक्का आहे. तरुणांमध्येसुद्धा ते तीन टक्क्यांहून कमी आहे. युरोप-अमेरिकेतील धनाढ्य देशांनी हेवा करावा, असा हा आकडा!

परंतु त्याच राज्याच्या विधानसभेत मार्च २०२५ मध्ये सरकारनेच दुसरा एक आकडा सांगितला. राज्याच्या रोजगार पोर्टलवर काम मागण्यासाठी नाव नोंदवलेल्या तरुणांची संख्या २९ लाखांवर गेली आहे. एक टक्का हे प्रमाण खरे मानले, तर ठोकळ हिशेबाने राज्यातील बेकार चार लाखांच्या आसपास भरतात. मग उरलेले पंचवीस लाख कोण? सरकारने या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. त्याने फक्त नाव बदलले. नोंदणी केलेल्या तरुणांना यापुढे ‘बेरोजगार’ न म्हणता ‘आकांक्षी युवा’ म्हणावे, असे ठरले. रोग हटत नसेल तर रोग्याचे नाव बदलावे, असाच हा उपचार झाला.

या दोन आकड्यांपैकी एक खोटा आहे असे समजण्याचे कारण नाही. दोन्ही खरे असू शकतात, आणि तसे असेल तर प्रश्न अधिकच गंभीर ठरतो. ज्या देशात बेकारीचा आकडा उतरतो आणि त्याच काळात काम मागणाऱ्यांची रांग वाढते, त्या देशात ‘काम’ या शब्दाचा अर्थच बदललेला असला पाहिजे. तो कसा बदलला, हे पाहण्यासाठी जबलपूरइतके बोलके शहर दुसरे सापडणे कठीण.

आकडा कसा घडतो

पाहणीत बेकार कोणाला म्हणतात, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. ‘नेहमीच्या स्थिती’च्या मोजमापात वर्षातून ३० दिवस दुय्यम स्वरूपाचे का होईना, काम केलेला माणूस रोजगारीत धरला जातो. ‘चालू साप्ताहिक स्थिती’त अट याहून सैल आहे. मागील सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी एक तास काम केले की तो माणूस कामावर आहे असे समजतात. त्या एका तासाची मजुरी किती मिळाली, हा प्रश्न बेकारीच्या आकड्यात येत नाही. इतकेच नव्हे, घरच्या शेतात वा दुकानात एक पैसाही न घेता राबणारी सून आणि मुलगा हेही ‘रोजगारीत’च मोडतात.

ही व्याख्या सध्याच्या सरकारने शोधून काढलेली नाही. आंतरराष्ट्रीय संकेतही तसेच आहेत. पण ज्या देशांत काम गेलेल्या माणसाला बेकारभत्ता मिळतो, तेथे तो काम नसताना काही काळ तग धरतो आणि ‘बेकार’ म्हणून मोजला जातो. आपल्याकडे गरिबाला बेकार राहणे परवडतच नाही. गिरणीतून निघालेला कामगार दुसऱ्या दिवशी हातगाडी लावतो, रिक्षा ओढतो, नाक्यावर उभा राहतो. आकड्याच्या दृष्टीने तो एक दिवसही बेकार झालेला नसतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दिल्लीच्या मानव विकास संस्थेसह मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाने हेच दाखवून दिले. २०२२ साली पदवीधर तरुणांतील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. ज्यांना लिहितावाचता येत नाही अशा तरुणांत ते केवळ ३.४ टक्के. निरक्षराला काम सहज मिळते असा याचा अर्थ नाही. घरी बसून चांगल्या कामाची वाट पाहण्याची ऐपत त्याच्यापाशी नाही, एवढाच अर्थ आहे.

ही गोष्ट नवी नाही. १९६८ साली भारत सरकारने बेकारीच्या अंदाजांचा विचार करण्यासाठी मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली होती. भारतासारख्या देशात, जेथे बहुसंख्य लोक स्वतःच्या शेतावर वा घरच्या धंद्यात राबतात, तेथे बेकारी एका आकड्यात मोजता येत नाही, असा इशारा त्या समितीने दिला. म्हणूनच पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीत बेकारी अनेक मापांनी मोजण्याची पद्धत रूढ झाली. आज त्यातील सर्वांत लहान आकडा उचलून त्याचीच जाहिरात चालली आहे.

त्याच पाहणीच्या आतील पाने उलटली म्हणजे जाहिरातीचा रंग उतरतो. एकूण कामकऱ्यांत ‘स्वयंरोजगारी’ लोकांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये ५२.२ टक्के होते. २०२३-२४ मध्ये ते ५८.४ टक्क्यांवर गेले. नियमित पगारदारांचे प्रमाण याच काळात २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर घसरले. शेतीवर अवलंबून असलेल्या कामकऱ्यांचा वाटा ४४.१ टक्क्यांवरून ४६.१ टक्क्यांवर चढला. जगात जेथे जेथे औद्योगिक विकास झाला, तेथे माणसे शेतीतून कारखान्याकडे गेली. येथे कारखान्याच्या दारातून ती शेताकडे परत फिरली आहेत. स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेला, याचा मोठा गौरव होतो. पण या वाढीचा मोठा भाग घरच्या शेतीत, जनावरांत व लहान धंद्यात राबणाऱ्या ग्रामीण स्त्रियांचा आहे. रोजगार वाढला खरा. मजुरी देणारा मालक मात्र वाढला नाही.

जबलपूरने काय मिळवले होते

जबलपूर हे मुळात कारखानदारांनी वसवलेले शहर नव्हे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा हा भाग १८१७ साली इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे छावणी आली, रेल्वे आली आणि १९०४ साली तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाची दारूगोळ्याची आयुध निर्माणी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर संरक्षण उत्पादनात परावलंबी राहायचे नाही, या धोरणातून १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी आणि पाठोपाठ ग्रे आयर्न फौंड्री यांची भर पडली. त्याखेरीज दूरसंचार खात्याचा कारखाना, वीज मंडळाचे मुख्यालय, रेल्वेच्या कचेऱ्या व उच्च न्यायालय होतेच. खाजगी भांडवलाने या शहराला प्रामुख्याने विडी दिली; कायम नोकरी दिली ती सार्वजनिक क्षेत्राने.

‘कायम नोकरी’ या दोन शब्दांचा अर्थ पगारापुरता नव्हता. महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, राहण्यास क्वार्टर, आजारपणात दवाखाना, मुलांना शाळा, आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे संघटना करण्याचा अधिकार. फोरमनने अन्याय केला तर त्याला जाब विचारता येई आणि जाब विचारला म्हणून उद्या गेटबाहेर उभे राहावे लागत नसे. मध्य प्रांताच्या काळापासून नागपूर, विदर्भ व सागर-दमोहकडून येथे येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे, महाकोशलातील शेतकऱ्यांची मुले, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कामगार, सर्वांना या कारखान्यांनी एकत्र आणले. शेतमजुराचा मुलगा उमेदवारी करून टर्नर, फिटर वा मशिनिस्ट होई आणि त्याची मुलगी महाविद्यालयात जाई. एका पिढीत घडलेला हा बदल कोणत्याही ‘स्वयंरोजगार योजने’ने घडवलेला नाही.

आणि हे कामगार काही बसून खात नव्हते. १९५९ साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत ‘शक्तिमान’ ट्रकची बांधणी सुरू झाली. हा ट्रक पुढे सुमारे साडेतीन दशके भारतीय लष्कराचा कणा होता. निसान गाड्या आणि जोंगा येथेच बनल्या. याच गन कॅरेज फॅक्टरीने १५५ मिलिमीटरची ‘धनुष’ तोफ तयार केली. एप्रिल २०१९ मध्ये तिच्या पहिल्या सहा तोफा लष्कराच्या हवाली झाल्या आणि अशा ११४ तोफांची मागणी नोंदवली गेली. बोफोर्सच्या व्यवहारातून हाती आलेल्या आराखड्यांवरून देशी तोफ सिद्ध करण्याची किमया ज्यांनी केली, त्यांना अकार्यक्षम म्हणणे हा निव्वळ कृतघ्नपणा होय.

मोडतोड कशी झाली

हे सारे एका दिवसात मोडले गेले नाही. ‘शक्तिमान’ बंद झाल्यावर व्हेईकल फॅक्टरीत खाजगी कंपन्यांच्या ट्रकची जुळणी सुरू झाली. ‘स्टॅलियन’ अशोक लेलँडचा, ‘एलपीटीए’ टाटांचा. पूर्वी जेथे गाडीचे भाग घडत, तेथे बाहेरून आलेले भाग जोडले जाऊ लागले. घडवण्याला कुशल हात लागतात, जोडण्याला थोडे लागतात. निवृत्त होणाऱ्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि कंत्राटदाराची माणसे गेटातून आत येऊ लागली. २०१७ साली संरक्षण मंत्रालयाने आयुध निर्माण्यांच्या शंभराहून अधिक वस्तू ‘बिगर-गाभा’ ठरवून त्या बाजारातून घेण्याची वाट मोकळी केली. आधी कारखान्याचे काम काढून घ्यायचे आणि मग कारखान्याला काम नाही म्हणून ओरड करायची, ही रीत गिरणी कामगारांनी मुंबईत पाहिलेलीच आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये संरक्षण कामगारांच्या तिन्ही प्रमुख महासंघांनी, म्हणजे डाव्या, काँग्रेसी आणि खुद्द सत्ताधाऱ्यांच्या परिवारातील संघटनेने मिळून, कंपनीकरणाविरुद्ध महिनाभराचा संप पुकारला. चर्चेच्या आश्वासनावर काही दिवसांतच तो स्थगित झाला. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत देश घरात कोंडला असताना, अर्थमंत्र्यांनी कंपनीकरणाची घोषणा केली. कामगार पुन्हा संपाच्या तयारीला लागताच ३० जून २०२१ रोजी अत्यावश्यक संरक्षण सेवा अध्यादेश निघाला. संप करणाऱ्याला एक वर्षापर्यंत व संपाला चिथावणी देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद! ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करून ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटण्यात आले. तो कायदा वर्षभरापुरताच होता. त्याचे काम तेवढ्या अवधीत उरकलेले होते.

जबलपूरचे चार कारखाने चार निरनिराळ्या कंपन्यांत गेले. खमरिया पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे, ग्रे आयर्न फौंड्री नागपूरच्या यंत्र इंडियाकडे, गन कॅरेज कानपूरच्या कंपनीकडे आणि व्हेईकल फॅक्टरी चेन्नईजवळच्या आवडीच्या कंपनीकडे. एकाच शहरात शेजारी राबणारे, एकाच झेंड्याखाली लढणारे कामगार चार मालकांत विभागले गेले. सत्तर हजारांवर कर्मचारी ‘प्रतिनियुक्ती’वर असल्याचे मानण्यात आले, तिची दोन वर्षांची मुदत पुढे वेळोवेळी वाढवावी लागली. आपण सरकारी नोकर की कंपनीचे, या प्रश्नाचे कायमचे उत्तर न मिळताच अनेक जण निवृत्त झाले.

महाराष्ट्रातील वाचकाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, भंडारा, भद्रावती येथील आयुध निर्माण्यांचेही हेच झाले. कंपनीकरणानंतर म्युनिशन्स इंडियाच्या भंडारा, चांदा आणि देहूरोड येथील निर्माण्यांनी स्फोटकांच्या धोक्याच्या कामासाठी ज्या जाहिराती काढल्या, त्या कायम जागांच्या नव्हत्या. मुदतबंद कंत्राटाच्या होत्या. उमेदवारी पुरी केलेल्या तरुणाने बारुदाशी खेळायचे, आणि मुदत वाढवली तर राहायचे, नाही तर घरी जायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये खमरियात आणि २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्यात झालेल्या स्फोटांत कामगारांचे बळी गेले. भंडाऱ्यात एकाच वेळी आठ जण मृत्युमुखी पडले. ज्या कामात अनुभव हीच सुरक्षितता असते, त्या कामात अनुभव साठण्याआधीच माणूस बदलण्याचे धोरण कोणत्या शहाणपणाचे?

इतर क्षेत्रांची गतही निराळी नाही. जबलपूरचा दूरसंचार कारखाना ज्या बीएसएनएलकडे आला, त्या कंपनीतून ३१ जानेवारी २०२० रोजी ७८ हजारांहून अधिक कर्मचारी ‘स्वेच्छानिवृत्ती’ने एकाच दिवशी बाहेर पडले. वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि खांबावर चढणारा माणूस बाह्य कंत्राटाचा झाला. लष्करभरतीचाही तोच मार्ग. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स यांची प्रशिक्षण केंद्रे जबलपूरला आहेत. पिढ्यान्‌पिढ्या येथे सैनिक घडले. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली: चार वर्षे नोकरी, मग चारांपैकी तिघे निवृत्तिवेतनाविना घरी. दीड वर्षात दहा लाख सरकारी जागा भरण्याची घोषणाही त्याच दिवशी झाली, हा योगायोग मोठा मासलेवाईक म्हणावा लागेल.

राखीव फौजेची तीन रूपे

कार्ल मार्क्सने ‘भांडवल’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात बेकारांच्या राखीव फौजेचे विवेचन केले आहे. तिची त्याने प्रामुख्याने तीन रूपे सांगितली: उद्योगात कधी आत ओढली जाणारी, कधी बाहेर फेकली जाणारी ‘तरती’ फौज; शेतीत दबून राहिलेली ‘सुप्त’ फौज; आणि अत्यंत अनियमित कामावर, मुख्यतः घरगुती उद्योगात, अत्यल्प मोबदल्यात राबणारी ‘साचलेली’ फौज. सरकारी पाहणीत हे तिन्ही प्रकारचे लोक ‘रोजगारीत’ आहेत. जबलपुरात ते डोळ्यांनी पाहता येतात.

तरती फौज कारखान्यांच्या गेटावर आहे. आयटीआयचे प्रमाणपत्र आणि उमेदवारीचा दाखला असलेला तरुण कंत्राटदाराकडे सहा महिने काम करतो, ऑर्डर संपली की सुटतो, दुचाकीवर घरोघर जेवणाचे डबे पोहोचवतो, मग दुसऱ्या कंत्राटदाराकडे जातो. निती आयोगाच्या २०२२ मधील अहवालानुसार अशा फुटकळ कामावरील लोकांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल. पुढील दशकाचे हेच भवितव्य सरकारी अर्थपंडितांनी रंगवले आहे.

सुप्त फौज शहराच्या सभोवतालच्या तालुक्यांत आहे. सिहोरा, पाटण, शहापुरा हा भाग हिरव्या वाटाण्यासाठी प्रसिद्ध. थंडीत तोडणीचा हंगाम असतो तेव्हा कुटुंबेच्या कुटुंबे शेतात उतरतात. हंगाम सरला की काम सरते. वर्षातून तीस दिवस काम केले की माणूस बेकार उरत नाही, हा नियम आठवला म्हणजे या तोडणीचे सांख्यिकी मोल कळते. उरलेले महिने तोच माणूस घरच्या दोन एकरांत भावाच्या जोडीला उभा राहतो. जेथे एकाचे काम आहे तेथे तिघे राबतात आणि तिघेही ‘स्वयंरोजगारी’ ठरतात.

साचलेली फौज विडीच्या सुपाशी बसली आहे. जबलपूर, दमोह, सागर या पट्ट्यात हजारो स्त्रिया घरात विड्या वळतात. सट्टेदार तेंदूपत्ता व तंबाखू देतो, हजारी दराने मजुरी ठरते आणि ‘छाट’ म्हणून काही विड्या नाकारल्या जातात. त्यांचा तोटा वळणारीच्या माथी. पाठ मोडेपर्यंत बसले तरी दिवसाकाठी हजार विड्या सर्वांनाच साधत नाहीत. १९६६ चा विडी कामगार कायदा आणि १९७६ चा कल्याण निधी कायदा या स्त्रियांच्या नावे झाला. त्या निधीला पैसा पुरवणारा उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा करासोबत रद्द झाला. शहरातील सलवार-कुडत्यांच्या शिलाई उद्योगातही काम नगावरच आहे. या स्त्रियांना कोणी बेकार म्हणणार नाही. त्या बारा महिने कामात आहेत आणि बारा महिने गरीब आहेत.

या तिन्ही फौजांचे कार्य एकच: जो अजून कायम आहे त्याला धाकात ठेवणे. ‘तुझ्या जागेसाठी बाहेर शंभर उभे आहेत’ हे वाक्य कोणत्याही मालकाला मोठ्याने उच्चारावे लागत नाही. २०१९ साली रेल्वेच्या सुमारे ३५ हजार बिगर-तांत्रिक जागांसाठी सव्वा कोटी अर्ज आले. मध्य प्रदेशात २०२३ साली पटवारी व इतर पदांच्या सुमारे ९ हजार जागांसाठी पावणेदहा लाख उमेदवार परीक्षेला बसले. गैरप्रकाराच्या आरोपांमुळे नेमणुका रोखून चौकशी बसवावी लागली आणि निवड झालेल्यांनाही कित्येक महिने तिष्ठावे लागले. व्यापमचे प्रकरण २०१३ मध्ये उजेडात आले त्या राज्यातील तरुणाला परीक्षेचा भरवसा उरलेला नाही, परीक्षेवाचून दुसरी वाटही उरलेली नाही.

सरकारी युक्तिवादाचा समाचार

याला उत्तर म्हणून दोन युक्तिवाद केले जातात. पहिला असा की आयुध निर्माण्या महाग व मंद होत्या, दारूगोळ्याच्या दर्जाबद्दल लष्कराच्या व महालेखापरीक्षकांच्या तक्रारी होत्या. म्हणून सुधारणा अपरिहार्य होती. तक्रारी होत्या हे नाकारण्याचे कारण नाही. पण वर्षानुवर्षे यंत्रसामग्री न बदलणे, मागणी कधी भरमसाट तर कधी नगण्य नोंदवणे, संशोधन आणि उत्पादन यांची फारकत करणे, हे निर्णय लेथवर उभ्या असलेल्या कामगाराने घेतले नव्हते. दोष व्यवस्थापनाचा आणि शिक्षा कामगाराला, हा न्याय नव्हे. शिवाय युद्धकाळात एकाएकी उत्पादन वाढवावे लागते. त्यासाठी शांततेच्या काळातही कुशल हात राखावे लागतात. कंपनीच्या नफ्यातोट्याच्या वहीत अशा हातांसाठी रकाना नसतो.

दुसरा युक्तिवाद असा की सर्वांना सरकारी नोकरी देता येत नाही. तरुणांनी नोकरी मागणारे न होता नोकरी देणारे व्हावे. ऐकायला हे गोड आहे. सर्वांना सरकारी नोकरी द्या, अशी मागणीही कोणी केलेली नाही. परंतु १ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारच्या मंजूर जागांपैकी ९ लाख ७९ हजार जागा रिकाम्या होत्या, असे सरकारनेच संसदेत सांगितले. निदान मंजूर झालेल्या जागा वेळेवर भराव्यात, हे काही स्वप्नरंजन नव्हे. आणि नोकरी देणारे व्हायला भांडवल लागते, गिऱ्हाईक लागते. कायम पगाराची हजारो कुटुंबे जेथून आटली, त्या रांझी-खमरियाच्या बाजारात नव्या दुकानाचा माल घेणार कोण? कारखान्यातील एक कायम जागा गेली की तिच्यामागे शिंपी, किराणावाला, दूधवाला, शिकवणीचा मास्तर यांचीही मिळकत कापली जाते. स्वयंरोजगार हवेत उगवत नाही. तो कोणाच्या तरी पगारावर उभा असतो.

पुढे काय वाढून ठेवले आहे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अंमलात आल्या. तीनशेहून कमी कामगार असलेल्या कारखान्याला कपात करण्यासाठी वा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागणार नाही. पूर्वी केंद्रीय कायद्यात ही मर्यादा शंभर होती, आणि मध्य प्रदेशने तर ती आधीच सैल केली होती. मुदतबंद नोकरीला सर्व उद्योगांत कायद्याची मान्यता मिळाली. आगाऊ नोटिशीवाचून कोणत्याही उद्योगात संप करता येणार नाही. फुटकळ कामगारांना सामाजिक सुरक्षा देण्याचे कलम आहे, पण तिचे प्रमाण व स्वरूप योजना आखल्या जातील तेव्हा ठरायचे. थोडक्यात, जबलपूरमध्ये एका अध्यादेशाने आणि एका कंपनीकरणाने जे घडले, ते आता साऱ्या देशाचा सर्वसामान्य कायदा बनले आहे. अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ अखेर व २०२७ च्या आरंभी पुरी होतात. चारांपैकी तीन तरुण पंचविशीच्या आसपास पुन्हा रांगेत उभे राहतील. बेकारीच्या आकड्यात ते दिसतील याची खात्री नाही. त्यांतील बरेच जण कोणत्या तरी खाजगी फाटकावर पहारेकरी म्हणून उभे असतील आणि ‘रोजगारीत’ असतील.

म्हणून कामगार चळवळीने यापुढे सरकारी टक्केवारीचा वाद त्या टक्केवारीच्या अंगणातच खेळू नये. बेकार किती, या प्रश्नासोबत दुसरा प्रश्न खडसावून विचारला पाहिजे: ज्या कामावर घर चालते असे काम किती जणांना आहे? प्रत्येक बेकारीच्या आकड्याबरोबर त्या कामाची मजुरी, तास, मुदत आणि भविष्यनिर्वाह निधी यांचाही आकडा सरकारने जाहीर केला पाहिजे. मंजूर रिकाम्या जागा ठरावीक मुदतीत, परीक्षेचे वेळापत्रक कायद्याने बांधून, भरल्या पाहिजेत. आयुध निर्माण्यांना निश्चित आणि दीर्घ मुदतीच्या मागण्या मिळाल्या पाहिजेत. स्फोटकांच्या कामावर मुदतबंद भरती बंद झाली पाहिजे. विडी कामगारांच्या कल्याण निधीला अंदाजपत्रकात हक्काची तरतूद हवी.

आणि शहरांनाही रोजगार हमीचा कायदा हवा. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची वाट दाखवली आणि १९७७ साली तिचा कायदा केला. त्याच वाटेने २००५ मध्ये देशभरच्या ग्रामीण श्रमिकांना कामाचा कायदेशीर हक्क मिळाला. शहरी तरुणासाठी मध्य प्रदेशात २०१९ मध्ये शंभर दिवसांची स्वाभिमान योजना निघाली आणि सरकार बदलताच विझली. राजस्थानने २०२२ मध्ये शहरी हमीची योजना काढली. योजना सरकारच्या मर्जीवर जगते, कायदा लोकांच्या हक्कावर. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा उच्चार आहे. तो मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात पाऊण शतक पडून आहे.

हे आपोआप घडणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तीन वेगवेगळ्या झेंड्यांचे संरक्षण कामगार एका मागणीसाठी गेटाबाहेर उभे राहिले होते, ही आठवण जबलपूरजवळ आहे. तेव्हा गेटाच्या आतील कायम कामगार लढला. गेटाबाहेरचा कंत्राटी कामगार, विडी वळणारी बाई, परीक्षेचा निकाल पाहत बसलेला पदवीधर त्या लढ्यात नव्हता. सरकारने त्या फटीतूनच वाट काढली. कायम कामगाराने कंत्राटी कामगाराला आपला प्रतिस्पर्धी मानणे सोडले आणि बेकार तरुणाने कायम कामगाराचा हेवा करणे सोडले, तर ही फट बुजेल. २९ लाख नावे सरकारच्या यादीत ‘आकांक्षी’ म्हणून पडून आहेत. त्या नावांनी संघटनेच्या वहीत जागा घेतली, तर त्यांना काय म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार सरकारपाशी उरणार नाही.